ग्रोमॅक्स: प्रथिनांच्या स्फटिकांसाठी कितपत कामाचं?

प्रथिनाचा तयार स्फटिक आतून समजून घ्यायचा असेल, तर अणू-रेणूंच्या हालचाली संगणकावर पायरीपायरीने मोजणारं ग्रोमॅक्स हे मोफत सॉफ्टवेअर जरूर वापरावं. स्फटिकाचा जन्म पाहायचा असेल, तर मात्र नाही. गणिताची एक पायरी २ फेम्टोसेकंदांची, म्हणजे एका मायक्रोसेकंदासाठी ५० कोटी पायऱ्या. प्रयोगात केंद्रक, म्हणजे स्फटिकाचं पहिलं बीज, तयार व्हायला तास-दिवस लागतात. त्यासाठी अख्खा रेणू म्हणजे चिकट ठिपके असलेला एक गोळा, असं ढोबळ प्रतिरूप घेऊन लॅम्प्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळावं.

अंड्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाचा चतुष्कोणी स्फटिक घ्या. पेशिका, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा, साधारण ७.९ × ७.९ × ३.८ नॅनोमीटर, आत ८ रेणू. पीडीबी फाइलमध्ये, म्हणजे प्रथिनाची रचना साठवलेल्या फाइलमध्ये, एकच रेणू असतो, उरलेले सात सममितीने आपणच बसवायचे. आखूड बाजू दुप्पट करावी, नाहीतर रेणू शेजारच्या पेशिकेतल्या स्वतःच्याच प्रतिमेला टेकतो.

इथून पुढे खरी कसोटी लागते. ग्रोमॅक्सची पाणी भरण्याची 'सॉल्व्हेट' आज्ञा रेणूंमधल्या अरुंद फटींत पाणी कमी भरते. लगेच दाब-नियंत्रण सुरू केलं की पेशिका आक्रसते आणि क्ष-किरणांनी मोजलेल्या मापाशी जुळत नाही. म्हणून आकारमान स्थिर ठेवून थोडं थोडं पाणी घालत सरासरी दाब १ बारपाशी आणावा. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

विद्युतभारही तपासा. ग्रोमॅक्सच्या नेहमीच्या निवडीत प्रत्येक रेणूवर +८ येतो, पण स्फटिक ४.५ सामूला वाढवलेला असेल, तर ग्लुटामेट या अमिनो आम्लाचे प्रोटॉन हाताने निवडावे लागतात. जुनी बलक्षेत्रं, म्हणजे अणूंमधली बलं ठरवणारी सूत्रं, प्रथिनांना गरजेपेक्षा जास्त चिकट करतात, त्यामुळे संपर्क खोटेच मजबूत दिसतात.