बोटीच्या काचेवरचे चिवट डाग: व्हिनेगर, सायट्रिक, सल्फॅमिक की सेरियम?

मांडवा-अलिबागच्या पट्ट्यात पावसाआधी वर ओढलेल्या स्पीडबोटी जवळून पाहा. बहुतेकींच्या पुढच्या काचेवर पांढरट, गोल, कडा ठळक असलेले ठिपके दिसतील. साबणाने ते हलत नाहीत. काच ओली असेपर्यंत गायब होतात आणि वाळली की परत हजर. मालक दोष देतो खाऱ्या पाण्याला, पण मीठ बिचारं गोड्या पाण्याच्या एका फवाऱ्यात निघून जातं. मागे चिकटून राहतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं, म्हणजे लाटांचे शिंतोडे त्यात भर घालतातच. पण किनाऱ्याला आल्यावर आपण बोअरच्या पाण्याने बोट धुतो आणि उन्हात तशीच वाळू देतो, तेव्हा वर आणखी एक थर चढतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची, म्हणजे विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. खाडीलगतच्या बोअरमध्ये खारं पाणी शिरलेलं असेल तर ती सहज ओलांडली जाते.

कोणतीही बाटली विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, काच खरंच काच आहे का? बऱ्याच लहान बोटींना ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक असतं. नखाने टकटक केली तर काच खणखणीत वाजते, ॲक्रिलिक बद्द वाजतं. टफन (उष्णता देऊन मजबूत केलेल्या) किंवा लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये पातळ प्लास्टिक असलेल्या) काचेच्या कोपऱ्यात बहुधा कंपनीचा शिक्काही असतो. ॲक्रिलिक निघालं तर पुढचं, विशेषतः सेरियमचं, तुमच्यासाठी नाही. त्याचं पॉलिश वेगळं असतं आणि अमोनियावाले काच-क्लीनर त्यावर बारीक तडे पाडतात.

दुसरी, डाग काचेवर बसलाय की काचेत शिरलाय? काच धुऊन वाळवा आणि नख फिरवा. उंचवटा लागला तर थर आहे, खळगा लागला तर काच खाल्ली गेली आहे. मग एका ठिपक्यावर व्हिनेगरचा थेंब ठेवा. बारीक बुडबुडे आले तर तो कार्बोनेट, म्हणजे चुन्याचा थर आहे, आम्लाने जाईल. बुडबुडे नाहीत आणि तासाभरात फरकही नाही, तर त्यात सल्फेट किंवा सिलिका असणार. रायगडच्या बेसॉल्टमधून, म्हणजे काळ्या कातळातून, झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. ती काचेवर वाळली की घरगुती आम्लांना दाद देत नाही, कारण काचही मुळात सिलिकाच.

व्हिनेगर आणि सायट्रिक

दोन्ही स्वयंपाकघरातले, दोन्ही सौम्य. पांढरं व्हिनेगर म्हणजे सुमारे चार टक्के ॲसेटिक आम्ल. महिन्या-दोन महिन्यांच्या ताज्या डागांना पुरतं, जुन्यांपुढे थकतं. सायट्रिक ॲसिड किराणा दुकानात पावडर म्हणून मिळतं, त्यामुळे जोर आपल्या हातात राहतो. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम हे चांगलं प्रमाण. नाकात जाणारा वासही नाही. या दोघांत मी डोळे मिटून सायट्रिक घेईन. अर्धं लिंबू चोळणाऱ्यांचंही चुकत नाही, आम्ल तेच आहे. फक्त बोटीची काच मोठी आणि लिंबं महाग.

आम्लापेक्षा ते काचेवर टिकवून धरणं कठीण. बोटीची काच तिरकी, फवारलेलं सगळं दोन मिनिटांत खाली वाहून जातं. म्हणून किचन पेपर द्रावणात भिजवून काचेला चिकटवायचा, वरून प्लास्टिक लावायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग मऊ स्पंजने चोळून भरपूर पाण्याने धुवायचं. पहिल्या फेरीत अर्धंच गेलं तर जोर वाढवू नका, फेरी वाढवा. हे काम सकाळी, सावलीत, काच थंड असताना करायचं. तापलेल्या काचेवर आम्ल वाळलं की नवे डाग तयार.

सल्फॅमिक आणि टॉयलेट क्लीनर

सल्फॅमिक ॲसिड पावडरीत येतं आणि अनेक तयार डीस्केलरमध्ये (क्षारांचा थर काढणाऱ्या द्रावणांत) तेच असतं. पाच टक्क्यांचं द्रावण सायट्रिकपेक्षा झपाट्याने चुना खातं, आणि धूर सोडत नाही. हातमोजे, चष्मा हवाच. वर्षभराचा दाट थर सायट्रिकच्या दोन-तीन फेऱ्यांना बधला नाही तर हा पुढचा टप्पा.

टॉयलेट क्लीनरवर मात्र माझी स्पष्ट फुली आहे. त्यातल्या नेहमीच्या प्रकारांत सुमारे दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. चुना सगळ्यात जलद तेच काढतं आणि काचेला काही करत नाही, म्हणून खलाशी मंडळींचा त्यावर जीव. पण बोटीत काच एकटी नसते. खाली ॲल्युमिनियमची चौकट, बाजूला स्टेनलेसचे स्क्रू, भोवती रबर बीडिंग (काचेच्या कडेची रबरी पट्टी), पुढे जेलकोट, म्हणजे फायबरच्या बोटीचा चकचकीत बाहेरचा थर. ॲल्युमिनियमशी हे आम्ल थेट भिडतं. स्टेनलेसला क्लोराइडमुळे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि तिथून गंज वाहू लागतो. डाग गेले म्हणून खूश झालेला मालक पुढच्या हंगामात चौकट बदलतो. शिवाय जवळपास ब्लीच असेल तर दोन्ही मिसळून विषारी क्लोरीन तयार होतो.

सल्फॅमिकही ॲल्युमिनियमचा मित्र नाही. म्हणून चौकट आणि बीडिंगवर मास्किंग टेप, जेलकोटवर प्लास्टिक आणि शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने एक हात, हे सगळ्याच आम्लांना लागू. जेलकोटवरचं वॅक्स सायट्रिकनेही उतरतं.

तयार ‘वॉटर स्पॉट रिमूव्हर’ घेताना लेबल वाचा. अमोनियम बायफ्लोराइड किंवा हायड्रोफ्लोरिक दिसलं तर बाटली परत ठेवा. सिलिकाचे डाग त्याने निघतात हे खरं, पण ते काचही खातं. कातडीतून आत शिरतं आणि सौम्य द्रावण असेल तर दुखायला काही तासांनी लागतं. धक्क्यावर उघड्या हातांनी वापरायची ही वस्तू नव्हे.

सेरियम ऑक्साइड

आम्लाने न हललेल्या डागांसाठी हा खरा पर्याय. भिंगं पॉलिश करायला वापरतात तीच गुलाबी-पिवळसर पावडर. पाण्यात दाटसर कालवायची, पॉलिशरला फेल्ट पॅड लावायचं आणि हळू वेगाने, पॅड सतत ओलं ठेवून फिरवायचं. पावडर कालवताना मास्क लावा.

आम्लाच्या तुलनेत इथे मेहनत अनेक पटींनी जास्त. एका माणसाचा अख्खा दिवस एका काचेवर जाऊ शकतो. एका जागी पॅड रेंगाळलं तर काच तापून तडकण्याची भीती, आणि त्याहून मोठा धोका नजरेला चटकन न दिसणारा. एकच ठिपका काढण्यासाठी तेवढाच भाग घासत बसलात तर तिथे उथळ खळगा होतो. दिवसा काही जाणवत नाही. रात्री मात्र त्यातून बोया आणि समोरच्या बोटीचे दिवे वाकडे दिसतात. म्हणून सुकाणूसमोरच्या भागात एक तर सगळीकडे सारखं आणि हलकं पॉलिश, नाहीतर काहीच नाही.

स्टील वूल अगदी बारीक असेल तर काचेवर सहसा ओरखडे पाडत नाही, पण त्याचे तुटलेले धागे जेलकोटवर पडून खाऱ्या हवेत गंजतात आणि चहा सांडल्यासारखे डाग मागे राहतात. ब्लेडचं तर टफन काचेवर नावच नको. टूथपेस्ट वेळ घालवते, एवढंच.

मग काय निवडायचं

बुडबुडे आले तर सायट्रिक, तीन फेऱ्यांत नाही गेलं तर चौकट झाकून सल्फॅमिक. नखाला थर लागतो पण बुडबुडे नाहीत, तर सेरियम. खळगे लागत असतील आणि ते बाजूच्या काचेत असतील, तर मी सोडून देईन.

काच स्वच्छ झाल्यावर पाणी झटकणारं कोटिंग विकणारे भेटतील. घ्या, पण ते डाग थांबवत नाही. थेंब गोल होऊन तिथेच वाळले तर ठिपका उलट जास्त ठळक बसतो. पुढच्या वेळी तो काढणं सोपं जातं, एवढाच फायदा. त्यापेक्षा बोअरने धुतल्यावर शेवटचा हात एसीतून ठिबकलेल्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्या. दोन्हींत क्षार जवळपास नसतात. फवारणीच्या पंपात पाच लिटर भरलं तरी काचेला पुरतं, आणि लगेच मायक्रोफायबरने पुसून घ्या.

सुकाणूसमोर खोल खळगे असतील तर मात्र घासाघाशीत पैसे घालू नका. सपाट लॅमिनेटेड काच असेल तर जुन्या काचेच्या मापाने स्थानिक काचवाला कापून देतो. वाकवलेली असेल तर मागवावी लागते आणि वेळ लागतो, म्हणून ती ऑर्डर बोट पावसाळ्यासाठी वर ओढली त्याच आठवड्यात द्या.