डोक्याच्या मारानंतरचं नैराश्य: गोळ्या की सीबीटी?

अपघातात डोक्याला मार बसला, टाके सुकले, तरी माणूस उदास, धास्तावलेलाच. मग घरच्यांपुढे प्रश्न येतो: गोळ्या की सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे बोलण्याचे उपचार?

गोळ्यांत बहुधा सर्ट्रालिनसारख्या, एसएसआरआय या नैराश्यावरच्या औषधांच्या गटापासून सुरुवात होते. डोस कमी आणि वाढ सावकाश, कारण दुखावलेल्या मेंदूला दुष्परिणाम लवकर जाणवतात. गुण यायला काही आठवडे लागतात. बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधाने फिट येण्याचा धोका वाढतो. धास्तीवरच्या अल्प्राझोलामने आधीच अधू झालेली स्मरणशक्ती आणखी मंदावते.

सीबीटीत हे धोके नाहीत, पण झालेलं बोलणं लक्षात राहायला हवं. म्हणून सत्रं छोटी, मुद्दे वहीत, सोबत घरचं कुणीतरी.

पेशंट थोडा वेळ बसून बोलू शकत असेल तर माझा कौल आधी सीबीटीला. जेवण-झोप उडाली असेल तर गोळ्या लांबवू नयेत. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.