कार्सन सिटीचा मस्टँग लिलाव : घोड्याइतकाच त्याला शिकवणाराही पाहावा

नेव्हाडातील कार्सन सिटी येथे, नॉर्दर्न नेव्हाडा करेक्शनल सेंटर या तुरुंगाच्या आवारात, कैद्यांनी खोगिराची सवय लावलेल्या रानघोड्यांचा जाहीर लिलाव होतो. घोडा घ्यायचा नसला तरी हा लिलाव आवर्जून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १९७१च्या कायद्याने अमेरिकेच्या सरकारी जमिनींवरील मस्टँगांना, म्हणजे या रानघोड्यांना, संरक्षण मिळाले. कळप कुरणांना झेपेनासे झाले की ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे या जमिनी सांभाळणारे सरकारी खाते काही घोडे पकडून दत्तक देते आणि त्यांतले थोडे येथे सुमारे चार महिने शिकतात. शिकवणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याआधी घोड्याला हातही लावलेला नसतो.

मोकळ्या रानातून आलेला घोडा माणसाला शिकारीच समजतो. म्हणून शिकवणारा रिंगणात एक पाऊल पुढे टाकतो आणि घोड्याने नुसता कान जरी त्याच्याकडे वळवला तरी लगेच मागे सरतो. हे मागे सरणे हेच घोड्याचे बक्षीस. एवढ्या थोराड जनावरापुढे दांडगाई चालत नाही, आणि भीती तर त्याच्यापासून लपवताच येत नाही. त्यामुळे येथे माणसात जो आत्मविश्वास येतो तो स्वतःला आवरता येण्यातून येतो, आणि म्हणूनच मला तो अस्सल वाटतो.

लिलावात एक तरुण कैदी आपली घोडी फिरवत असताना वाऱ्याने ताडपत्रीचे टोक फडफडले. घोडी बुजून आडवी सरकली. त्याने लगाम खेचला नाही. सैल सोडला, तिच्या मानेवर तळहात ठेवला आणि ती ताडपत्री तिला पुरती पाहू दिली. नंतर बोली लावू पाहणाऱ्यांना त्याने, कुणी विचारण्याआधीच, ती मागचा उजवा पाय सहज उचलू देत नाही हेही सांगितले. भरल्या गर्दीसमोर, आपणच शिकवलेल्या जनावराची उणीव शांतपणे सांगायला छाती लागते.

घेणाऱ्यांनी मात्र भान ठेवावे. चार महिन्यांचे शिक्षण ही सुरुवात आहे. नवशिक्या स्वाराने जाणकार सोबत असल्याशिवाय बोली लावू नये. प्रत्येक घोड्यामागे किमान ४०० चौरस फुटांचे कुंपण आणि निवारा लागतो, आणि वर्षभर नीट सांभाळ झाल्याखेरीज मालकीचा कागद हाती पडत नाही. तोवर घोडा सरकारचाच असतो.