‘फ्रॉम कॉन्फ्लिक्ट टू कम्युनियन’ : आठ महिन्यांच्या वाचनानंतर

आमचा वसईतला छोटा अभ्यासगट गेले आठ महिने दर बुधवारी संध्याकाळी एकच दस्तऐवज वाचत आहे : ‘संघर्षाकडून ऐक्याकडे’ अशा अर्थाच्या नावाचा, मार्टिन ल्यूथर आणि सोळाव्या शतकातील चर्चच्या फुटीविषयीचा. ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांच्या संयुक्त आयोगाने तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे २४५ क्रमांकित परिच्छेद एका दमात वाचून होण्यासारखे नाहीत. आम्ही एका वेळी पाच-सहाच घेतले, आणि अडलो तेथे मागे फिरलो.

मी कॅथलिक घरात वाढले. ल्यूथर या जर्मन संन्याशाला लग्न करायचे होते म्हणून त्याने चर्च फोडले, एवढीच प्रोटेस्टंट पंथाच्या उगमाची गोष्ट मला बालपणीच्या धर्मशिक्षणात मिळाली होती. या समजुतीची मुळे खोल आहेत. योहानेस कोख्लेउस या ल्यूथरच्या समकालीन विरोधकाने १५४९ मध्ये त्याचे जे काळेकुट्ट चित्र रंगवले, तेच पुढे विसाव्या शतकापर्यंत कॅथलिक लिखाणात उतरत राहिले. वास्तविक नुसती सनावळी मांडली तरी ती गोष्ट टिकत नाही : पापक्षमापत्रांच्या प्रचारावर टीका करणारे त्याचे ९५ प्रबंध (छोटी विधाने) ऑक्टोबर १५१७ चे, पोपचा बहिष्काराचा आदेश जानेवारी १५२१ चा, आणि लग्न जून १५२५ मधले.

कॅथलिक संशोधकांनी हे चित्र कसे बदलले, हे सांगणारे दुसरे प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटले. योझेफ लोर्ट्झ या धर्मगुरू-इतिहासकाराचे एक सूत्र तेथे येते : ल्यूथरने स्वतःच्या अंतरंगात ज्या कॅथलिक विचारावर मात केली, तो विचार पुरता कॅथलिक नव्हताच. या एका वाक्यावर आमचे तीन बुधवार गेले. माणसाने आपल्या परीने होईल तेवढे करावे, मग देव कृपा नाकारत नाही, अशी पंधराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ गाब्रिएल बील यांच्या परंपरेची शिकवण ल्यूथरला मिळाली होती. संत ऑगस्टीन आणि संत थॉमस अक्वायनस यांच्याकडे मात्र कृपेचा पुढाकार देवाचा असतो, आणि माणसाचे ‘आपल्या परीने करणे’सुद्धा त्या कृपेमुळेच घडते. हे उमगल्यावर ल्यूथरची तगमग मला प्रथमच आतून समजली, आणि त्यासाठी मला माझ्या श्रद्धेपासून तसूभरही दूर जावे लागले नाही.

तिसऱ्या प्रकरणातील या पत्रांवरच्या वादाकडे वळल्यावर आमची मराठीच आड आली. शाळेच्या पुस्तकांमुळे ‘पापक्षमापत्र’ हा शब्द सर्वांच्या तोंडी बसलेला. पण चर्चच्या शिकवणुकीनुसार पापाची क्षमा प्रायश्चित्त संस्कारात मिळते आणि या पत्राने पापाबद्दल उरलेल्या तात्पुरत्या शिक्षेत सूट मिळते. आमच्या टिपणवहीत तो शब्द खोडून वर पेन्सिलीने ‘शिक्षेतून सूट’ असे लिहिले आहे. तरीही शब्द सुधारला म्हणून दोष धुतला जात नाही. जर्मनीतील आर्चबिशप आल्ब्रेख्ट यांच्या नावाने या पत्रांच्या प्रचारकांना दिलेल्या सूचनांत, मृतांसाठी ही सूट घेणाऱ्याला स्वतः पश्चात्तापाची गरज नाही, असे सांगितलेले होते. पेटीत नाणे वाजताच आत्मा शुद्धिस्थानातून (मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होतात त्या अवस्थेतून) सुटतो, या प्रचारावर ल्यूथरने २७व्या प्रबंधात टीका केली. आणि त्याच यादीतील ७१वा प्रबंध पोपने दिलेल्या सुटीच्या सत्याविरुद्ध बोलणाऱ्याला शापित म्हणतो. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचली, तेव्हा चर्च फोडायला निघालेला माणूस आम्हाला त्यांत कुठेच दिसला नाही.

उणिवाही आहेत. सगळा भर धर्मशास्त्रावर असल्याने पैशाचा व्यवहार समजून घेण्यासाठी मला इतर इतिहासग्रंथ उघडावे लागले. आल्ब्रेख्ट १५१४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, माइन्झचे आर्चबिशप झाले. माग्डेबुर्गचे आर्चबिशपपद आधीच त्यांच्याकडे होते. या पदासाठी रोमला द्यायच्या रकमेसाठी त्यांनी फुगर पेढीकडून कर्ज काढले, आणि त्या पत्रांचे निम्मे उत्पन्न कर्जफेडीकडे, निम्मे रोममधील संत पेत्राच्या महामंदिराच्या बांधकामाकडे वळले. शिवाय हा संवाद ल्यूथरन पंथापुरताच आहे. झ्विंग्ली, कॅल्व्हिन हे इतर सुधारक किंवा इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यांच्यासाठी कोणी हा दस्तऐवज हाती घेतला, तर त्याची निराशा होईल.

मूळचा अहमदनगरकडचा एक प्रोटेस्टंट सहकारी चौथ्या महिन्यापासून आमच्यात बसू लागला. ज्यूंविषयी ल्यूथरने लिहिलेल्या हीन वाक्यांची ल्यूथरनांना लाज वाटते, हा परिच्छेद त्याने स्वतःहून मोठ्याने वाचला. मग मी पोप सहावे एड्रियन यांच्याबद्दलचा उल्लेख वाचला : चर्चमधील दुराचाराला वरिष्ठ धर्माधिकारीच जबाबदार असल्याची कबुली त्यांनी आपल्या दूतामार्फत न्यूर्नबर्गच्या सभेत, १५२३ च्या सुरुवातीलाच, दिली होती. अशी कबुली त्याच काळात दिली गेली होती, हे मला ठाऊक नसावे याचे वाईट वाटते.

पवित्र मिस्सा (मुख्य उपासनाविधी) आणि धर्मगुरुपद यांविषयीचे मतभेद हा दस्तऐवज झाकत नाही, म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवते. पुढच्या बुधवारपासून आम्ही माणूस नीतिमान कसा ठरतो याविषयीचा ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेचा १५४७ चा ठराव आणि १९९९ चे आउग्सबुर्गचे ल्यूथरन-कॅथलिक संयुक्त घोषणापत्र समोरासमोर ठेवून वाचणार आहोत.