प्रीटियर: मिश्र कोडची घडी बसवणारे साधन आणि त्याच्या हद्दी

देवगडातील एका बागायतदार कुटुंबाच्या हापूस विक्रीच्या संकेतस्थळाची देखभाल मी करतो. माझ्या हाती आले तेव्हा पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा), एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (पानाचे रूप) आणि जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) एकाच फाइलमध्ये कालवलेले होते. कुठे टॅब, कुठे दोन स्पेस, कुठे चार. हंगामात पेटीचा दर सारखा बदलतो आणि तेवढ्यासाठी नेमकी ओळ शोधण्यातच वेळ जाई, म्हणून प्रीटियर हे कोडची मांडणी आपोआप नीट करणारे मोफत साधन मी वापरायला घेतले.

2017 साली आलेल्या या साधनात पर्याय मुद्दामच थोडे ठेवले आहेत, आणि मला तेच सर्वांत आवडले. ओळ शक्यतो 80 अक्षरांत बसवायची, आतल्या ओळींना दोन स्पेस सोडायच्या, हे मुळातच ठरलेले असल्यामुळे वाद उरत नाही. सीएसएस आणि जावास्क्रिप्ट वेगळ्या फाइलींत काढल्यावर त्यांची घडी क्षणात बसली. पीएचपीसाठी मात्र वेगळे प्लगइन, म्हणजे वरून जोडायची पुरवणी, लागते. निव्वळ पीएचपीवर ते चोख चालते, पण एचटीएमएल मिसळलेल्या फाइलींची मांडणी अजून स्थिर नाही, असे त्याचे कर्ते स्वतःच नमूद करतात.

तिथे हाताने काम करावे लागले. ऑर्डरच्या पानाच्या तळाशी एक महिरपी कंस एकटाच मिटत होता. तो दराच्या 'इफ'चा (अट तपासणारा भाग) की पेट्यांच्या 'फोरईच'चा (यादीतल्या प्रत्येकासाठी पुन्हा चालणारा भाग), हे पाहायला शंभरेक ओळी वर जावे लागे. कंसांऐवजी 'एंडइफ' आणि 'एंडफोरईच' लिहिल्यावर काय कुठे संपते ते जागच्या जागी वाचता येऊ लागले. सगळा हिशेब फाइलच्या माथ्यावर नेला, खाली फक्त पानावर दाखवण्याचे काम ठेवले.

नावांना प्रीटियर हात लावत नाही, आणि खरा गोंधळ तिथेच होता: एकच दर पीएचपीत 'पेटी_दर', जावास्क्रिप्टमध्ये 'बॉक्सरेट', तर सीएसएसमध्ये 'भाव'. आता शब्द सर्वत्र 'पेटी' आणि 'दर' हेच आहेत. हे शब्द जोडण्याची पद्धत तेवढी त्या त्या भाषेच्या रिवाजाप्रमाणे बदलते.

वापरणाऱ्यांनी पहिली मांडणी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) स्वतंत्र कमिट, म्हणजे बदलांची एक वेगळी नोंद, म्हणून नोंदवावी, नाहीतर खरा बदल हजारो हललेल्या ओळींत हरवतो. सीएसएस आणि जावास्क्रिप्टसाठी मी हे साधन निःशंकपणे सुचवेन. ऑर्डरचे ते मिश्र पान मात्र मी वगळायच्या फाइलींच्या यादीत टाकले आहे आणि त्याची मांडणी हातानेच करतो.