थेरपिस्टशी अबोला: रिलेशनल थेरपीचे दहा महिने

आठवड्यातून एकदा, ५० मिनिटं, गेले दहा महिने. सुट्ट्या आणि माझ्या दांड्या वजा केल्या तर पस्तीसेक सेशन्स झाली असतील. "फरक पडला का?" असं दोघा-तिघांनी विचारलं, आणि प्रत्येक वेळी मी "हो, म्हणजे..." म्हणून अडकलो. म्हणून हे सविस्तर.

याआधी मी सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) घेतली होती, झोपेसाठी. झोपेची डायरी लिहायची, झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, रोज ठरलेल्या वेळी उठायचं. दीड-दोन महिन्यांत झोप रुळावर आली. त्यामुळे तक्ते आणि गृहपाठ यांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण माझं दुसरं एक दुखणं होतं, ते तक्त्यात बसेना. कुणाचं काही लागलं की मी हसतो, "चालतं हो" म्हणतो आणि मग हळूहळू त्या माणसाच्या आयुष्यातून काढता पाय घेतो. समोरच्याला कळतही नाही की काही बिनसलंय. असे तीन जिवलग मित्र मी घालवले आहेत.

पहिले दोन महिने मला वाटलं, पैसे वाया चाललेत. मी ऑफिसबद्दल, भावाबद्दल बोलायचो आणि मॅडम, म्हणजे माझ्या थेरपिस्ट, मध्येच विचारायच्या, "हे मला सांगताना आत्ता काय होतंय?" अरे, विषय माझ्या साहेबांचा चाललाय, तुम्ही कुठून आलात मध्ये? (हे अर्थात मनात. तोंडावर मी "काही नाही, ठीक आहे" एवढंच म्हणायचो.)

नंतर थोडं वाचलं तेव्हा उलगडा झाला. रुग्ण आपली जुनी नाती थेरपिस्टवर चढवतो, हे मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या काळापासून माहीत आहे. त्यालाच ट्रान्सफरन्स म्हणतात. पण तिथे थेरपिस्टनं कोऱ्या पडद्यासारखं बसावं अशी अपेक्षा असायची. १९८३ साली जे ग्रीनबर्ग आणि स्टीफन मिशेल या दोघा अमेरिकन मनोविश्लेषकांनी अशी मांडणी केली की मन घडतं ते मुळात नात्यांतून, निव्वळ आतल्या प्रेरणांमधून नव्हे. त्यातून पुढे जी रिलेशनल पद्धत वाढली, तिच्यात थेरपिस्ट पडदा उरत नाही. खोलीत माणसं दोन, आणि जे काही घडतं त्यात दोघांचा हात. म्हणजे बाहेरच्या नात्यांत मी जो घोळ घालतो तो त्या खोलीतही घालणारच, आणि तिथे तो चालू असताना पकडता येतो.

माझा पकडला गेला चौथ्या महिन्यात. ज्या मित्राबद्दल मी आठवडेच्या आठवडे बोलत होतो, त्याच्या जागी मॅडमनी दुसऱ्याच मित्राचं नाव घेतलं. मी हसून "हो हो, तोच" म्हणालो. दुरुस्तसुद्धा केलं नाही! पुढच्या आठवड्यात "कामात अडकलोय" असा मेसेज टाकून दांडी. त्याच्या पुढच्या आठवड्यात गेलो आणि सगळं कसं छान चाललंय ते सांगत सुटलो. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आज नुसत्या चांगल्या बातम्या येताहेत. मागच्या वेळी माझ्याकडून काही चुकलं का?"

मी नाही म्हणालो. पुन्हा नाही म्हणालो. वीसेक मिनिटांनी कसंबसं बाहेर पडलं, "तुम्ही नाव चुकवलंत." घसा कोरडा पडला होता.

त्यांनी सारवासारव केली नाही. म्हणाल्या, "हो, चुकवलं. आणि वर तुम्हालाच मला सांभाळून घ्यावं लागलं." मग विचारलं, तेव्हाच सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी म्हणालो, तुम्ही नाराज झाला असता. "आणि मग?" मग मी यायचं बंद केलं असतं. हे बोलता बोलता माझं मलाच हसू आलं, कारण न सांगताही मी नेमकं तेच करायला निघालो होतो.

या प्रकाराला रप्चर आणि रिपेअर म्हणतात: नात्यात तेढ येणं आणि ती सांधणं. जेरेमी सॅफरन आणि ख्रिस्तोफर मुरान या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय. त्यांच्या मते तेढ दोन तऱ्हांची: कुणी थेट भिडतं, कुणी आतल्या आत मागे सरतं. मी दुसऱ्या जातीचा. भांडणारी माणसं मला आयुष्यभर अडाणी वाटत आली. आता थोडा हेवा वाटतो.

एक गैरसमज मात्र दूर करतो. रिलेशनल म्हणजे थेरपिस्ट मैत्रीण होते किंवा स्वतःच्या घरच्या गोष्टी सांगते, असं नाही. मॅडमच्या खासगी आयुष्याबद्दल मला आजही जवळपास काही माहीत नाही. सेशनच्या बाहेर संपर्क फक्त वेळ ठरवण्यापुरता. त्या स्वतःबद्दल बोलतात ते त्या खोलीत त्यांना काय जाणवतंय एवढंच. एकदा मी वडिलांच्या आजारपणाबद्दल अगदी घडाघडा सांगत होतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही इतकं व्यवस्थित सांगताय, पण मला तुमच्यापासून लांब गेल्यासारखं वाटतंय." लागलं ते. घरी जाईपर्यंत धुसफुसत होतो. पण माझी बायको हेच वेगळ्या शब्दांत गेली आठ वर्षं सांगते आहे.

तक्रारीही आहेत. पद्धत संथ आहे आणि प्रगती मोजायला हातात काही नसतं. त्या तीन आठवडे सुट्टीवर गेल्या तेव्हा मी नको इतका बेचैन झालो. हे अवलंबित्व मला अजून पटलेलं नाही (तेही बोलून झालंय). शिवाय कधीकधी अर्थ काढण्याचा अतिरेक होतो. एकदा उशिरा पोचलो तर, "येण्याबद्दल काही संमिश्र भावना होत्या का?" गाडी पंक्चर झाली होती, मॅडम. त्यावर त्याही हसल्या.

ओसीडी (नकोसे विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याचा आजार) किंवा एखाद्या ठरावीक गोष्टीची भीती असेल तर मी या पद्धतीपासून सुरुवात करणार नाही. त्यासाठी एक्स्पोजरवर, म्हणजे भीतीला हळूहळू सामोरं जाण्यावर, आधारलेले नेमके उपचार आहेत. जीव द्यायचे विचार येत असतील तर आधी तातडीची मदत आणि मनोविकारतज्ज्ञ. नात्यांत तोच तोच खड्डा पुन्हा लागत असेल, त्यांनी मात्र जरूर विचार करावा. पहिल्या भेटीत थेरपिस्टचं शिक्षण आणि सुपरव्हिजन (त्यांच्या कामावर अनुभवी थेरपिस्टची देखरेख) याबद्दल विचाराच, पण हेही विचारा: "मला तुमचा राग आला तर काय करायचं?" उत्तर देताना समोरचा चुळबुळला, तर मी दुसरा थेरपिस्ट शोधेन.

बाहेर काय बदललं? एका सहकाऱ्यानं माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं. त्याला त्याच दिवशी गाठून सांगितलं. आवाज थरथरत होता, त्याची माफी अर्धवट होती, पण आम्ही अजून बोलतो. तीन मित्रांपैकी एकाला फोन केला, त्यानं उचलला नाही.

मागच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून सेशन संध्याकाळी सहाला घेतलं तर चालेल का? तोंडात "चालेल" आलं होतं. मी म्हणालो, "नाही, मला सहा गैरसोयीचं आहे." त्यांनी डायरी उघडली आणि साडेसात सुचवले.