पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर: मेळघाटात दोन उन्हाळे वापरल्यावर

आमच्या गावच्या वन समितीने दोन वर्षांपूर्वी पाठीवर बांधायचा पेट्रोल ब्लोअर घेतला. बागेतला पाला उडवायला विकतात तोच. अठ्ठावीस हजारांना पडला. गाव चिखलदरा तालुक्यातलं, घरांच्या मागे थेट मेळघाटचं जंगल सुरू होतं आणि डांबरी रस्ता नऊ किलोमीटर लांब. आगीचा बंब इथवर आला तरी डोंगर कसा चढणार? त्यामुळे वणवा लागला की आमच्याकडे हिरव्या फांद्या, ओली पोती आणि माणसं, एवढंच असायचं. मी शाळेत शिकवतो, समितीचा सदस्य आहे आणि यंत्राची वही माझ्याकडे असते. दुसऱ्या गावांच्या समित्या हल्ली ‘घ्यावा का?’ म्हणून फोन करतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी जाळरेषेचं सांगतो, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून जंगलात मोकळा ठेवलेला पट्टा, कारण पैसे तिथेच वसूल झाले. साग पानं टाकायला लागला की जंगलात चालताना घोट्यापर्यंत पाय बुडतो. सागाचं एकेक पान पत्रावळीएवढं, वाळलं की पापडासारखं. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरतात, त्याआधी रेषा जाळून साफ केलेली असते. पण आठ दिवसांत वारा तिच्यावर पुन्हा पाला आणून टाकतो, आणि भरलेली रेषा म्हणजे आगीला बांधून दिलेला पूल. पूर्वी तुराट्यांचे खराटे घेऊन आठ माणसं अर्धा दिवस राबायची तेव्हा एक किलोमीटर व्हायचा. ब्लोअरने एक माणूस तासाभरात करतो. म्हणून आता दर आठवड्याला रेषा झाडली जाते, जे खराट्यांनी कधीच जमलं नव्हतं.

आता वणव्याचं. पहिल्याच मार्चमध्ये दुपारी दोनच्या सुमाराला नाल्यापलीकडे धूर दिसला. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे नाव नोंदवलं की उपग्रहाने टिपलेल्या आगीचा एसएमएस मोबाईलवर येतो, फुकट, आणि ती नोंदणी प्रत्येकाने करावीच. पण 375 मीटरपर्यंत बारीक पाहणारे ते उपग्रह आपल्यावरून जातात दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास. आमची आग त्यांची फेरी होऊन गेल्यावर लागली. त्या दिवशी डोळ्यांवरच भिस्त होती.

उतारावर आग कशी धावते हे न पाहिलेल्याला सांगून पटत नाही. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, ते गवत आग पोचायच्या आधीच भाजून निघतं, आणि मग एकदम भडका. दुपारचा वाराही खोऱ्यातून वरच चढतो. आम्ही धापा टाकत टेकाडाच्या अर्ध्यावर पोचलो तोवर कुसळी गवताचा अख्खा पट्टा पेटला होता. मी ब्लोअर सुरू केला आणि सरळ आगीच्या तोंडावर, म्हणजे ती पुढे सरकत होती त्या टोकावर, धरला. ज्वाळा दुप्पट झाल्या. पेटती पानं आमच्या डोक्यावरून मागे वीस पावलांवर जाऊन पडली. आमच्यात तीस वर्षं अंगारी, म्हणजे वणव्यावर नजर ठेवणारा मजूर, म्हणून काम केलेले एक काका होते, ते जीव तोडून ओरडले, ‘मास्तर, बंद करा ते! काळ्यात या!’ काळं म्हणजे जळून गेलेला भाग. तिथे पुन्हा पेटायला काही नसतं. आम्ही सगळे कडेने काळ्यात शिरलो म्हणून निभावलं. 2018 च्या मार्चमध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वीसहून जास्त ट्रेकर वणव्यात गेले, तेही असाच उतार आणि असंच वाळलेलं उंच गवत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा हे नीट लक्षात ठेवा: आगीचं तोंड ब्लोअरचं नाही. ब्लोअर आगीच्या कुशीला, म्हणजे बाजूच्या कडेला, लावायचा, जिथे ज्वाळा गुडघ्याच्या खाली आहेत. नळी जमिनीलगत, वारा काळ्याच्या दिशेने, आणि मागे फांद्या घेतलेली दोन माणसं. त्याच संध्याकाळी वारा पडल्यावर आम्ही तसंच केलं आणि एक बाजू भराभर विझत गेली. तोंड अडवलं ते वर झाडून ठेवलेल्या जाळरेषेने. तिथून वनरक्षकांनी उलटी आग लावली आणि दोन्ही आगी समोरासमोर येऊन संपल्या. धुमसत्या ठोंबांजवळ मात्र ब्लोअर नेऊ नका, निखारे उडतात. तिथे माती आणि पाणीच.

यंत्राबद्दल. रिकामं दहा किलोच्या आसपास, पेट्रोल भरल्यावर आणखी, आणि चढावर ते पाठीला लोंबतं. टाकी तासभर पुरते. आमच्या यंत्राला लिटरमागे वीस मिली टू-स्ट्रोक ऑइल, मिसळून हलवल्याशिवाय ओतायचं नाही. गरम यंत्रात पेट्रोल भरायचं नाही आणि कॅन आगीपासून लांब एकाच्या ताब्यात द्यायचा. राखेने एअर फिल्टर चोंदतो, रोज झटकावा लागतो. सर्वांत मोठा दोष आवाजाचा. बांबू फुटतोय, दगड गडगडत येतोय, कुणी हाक मारतंय, चालवणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. म्हणून त्याच्यासोबत कायम एक जण काठी घेऊन चालतो. खांद्यावर काठी टेकली की यंत्र बंद. भर हंगामात कार्ब्युरेटर बिघडला तेव्हा दुरुस्तीवाल्याने यंत्र सतरा दिवस ठेवून घेतलं. त्यानंतर आम्ही डायफ्राम, प्लग आणि ओढायची दोरी जवळच ठेवतो.

सर्वांत चांगला उपयोग दुसऱ्या वर्षी सापडला, आणि तो एका कोरकू आजीने सांगितला. आमच्याकडचे बरेच वणवे मोहाखालून सुरू होतात. फुलं पहाटे गळतात, पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि एखादी आग निसटते. त्या फुलांवर घराची मीठमिरची चालते, वेचू नका असं कोण म्हणेल? आजी म्हणाली, ‘रस्ता झाडता तसं माझं झाडही झाडून दे ना, मास्तर.’ दहा मिनिटांत मोहाखाली अंगणासारखी जमीन झाली. त्या हंगामात आम्ही त्रेसष्ट झाडं झाडली.

यंदा दुसरा ब्लोअर घ्यायचा विषय बैठकीत निघाला होता. मी नको म्हटलं, आणि बहुतेकांना पटलं. त्या पैशांतून मोहाखाली अंथरायच्या जाळ्या येताहेत. आहे तो ब्लोअर सोमवार ते बुधवार जाळरेषेवर आणि पुढचे दिवस मोहाखाली. आजीच्या झाडाचा नंबर पहिला लावलाय.